ओहोटीचे तीन तास: खडकाळ किनाऱ्यावरचं सागरी उद्यान कसं बघावं

खडकाळ किनाऱ्यावरच्या सागरी उद्यानाच्या फाटकावर उघडण्या-मिटण्याच्या वेळा लिहिलेल्या असतात. किनारा मात्र उघडतो ओहोटीला, आणि तोही रोज वेगळ्या वेळी. पाणी पुरतं उतरलं की जेमतेम तीन तास खालचा खडक उघडा राहतो. समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), तारामासे, सागरी गोगलगायी, कपारीतले खेकडे, एखाद्या दिवशी ऑक्टोपससुद्धा, हे सगळं त्या खालच्या पट्ट्यात राहतं. भरतीला पोहोचणाऱ्याला कडा दिसतो, फेस दिसतो, पण ज्याच्यासाठी ते उद्यान राखलं आहे त्यातलं जवळपास काहीच दिसत नाही.

म्हणून सहलीची तारीख भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवून ठरवावी. मुक्काम, गाडी, बाकीचं सगळं त्यानंतर.

कोष्टकातले आकडे

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे आजची ओहोटी उद्या साधारण ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. उधाणाला पाणी जास्त चढतं तसंच जास्त उतरतंही, आणि आपल्याला हवं असतं ते हे उतरणं. भांगाच्या ओहोटीला खालचा पट्टा उघडाच पडत नाही. त्या दिवसांत शंभर मैल गाडी हाकून जाण्यात अर्थ नाही. सर्वांत मोठं उधाण बहुतेक ठिकाणी नेमकं पौर्णिमेला किंवा अमावास्येला न येता एक-दोन दिवस मागाहून येतं. मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आसपासची उधाणं बहुतेक किनाऱ्यांवर वर्षातली मोठी असतात.

एका ठिकाणी उधाणाची ओहोटी दिवसाच्या साधारण ठरावीक वेळीच येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सर्वांत खालच्या ओहोट्या हिवाळ्यात दुपारनंतर आणि वसंत-उन्हाळ्यात भल्या पहाटे येतात. तिथे जून महिन्यात आरामात नाश्ता करून दहा वाजता निघालेल्याला भरतं पाणीच मिळणार. आपण जाणार तिथली गत काय आहे, हे वर्षभराच्या कोष्टकावर एकदा नजर फिरवली की कळतं.

आता उंचीचा रकाना. हे आकडे एका ठरवलेल्या शून्य पातळीपासून मोजतात आणि ती पातळी देशागणिक वेगळी असते. अमेरिकेत दिवसाच्या दोन ओहोट्यांपैकी जी जास्त खाली जाते तिची सरासरी म्हणजे शून्य. त्यामुळे तिथे शून्याची ओहोटी अगदी नेहमीची. जायचं ते आकडा उणे असेल त्या दिवशी. ब्रिटनमध्ये शून्य म्हणजे गणिताने येणारी सर्वांत खालची ओहोटी, त्यामुळे तिथे उणे आकडा जवळपास दिसतच नाही आणि ०.५ मीटरची ओहोटीसुद्धा उत्तम समजावी. एका देशातला अनुभव दुसऱ्या देशाच्या कोष्टकाला लावला की फसगत होते ती इथे. दुसरी फसगत घड्याळाची: काही कोष्टकांत उन्हाळ्यात पुढे केलेला एक तास धरलेला नसतो. तिसरी ठिकाणाची: कोष्टक जवळच्या बंदराचं असतं, आणि आत शिरलेल्या खाडीत पाणी उघड्या टोकापेक्षा उशिरा वळतं. कोष्टकाखाली ‘अमुक ठिकाणासाठी इतकी मिनिटं मिळवा किंवा वजा करा’ असं लिहिलेलं असतं, ते वाचावं.

हवामानही पाण्याची पातळी हलवतं. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने घटला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर वर येतो. दाब नेहमीपेक्षा ३० हेक्टोपास्कल कमी असेल आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे असेल, तर कोष्टकातली ओहोटी प्रत्यक्षात फूटभर वरच थांबते. वादळ जवळ असताना खालचा पट्टा बघायची आशाच सोडावी.

भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक काही डझन सेंटिमीटरांचाच असतो. तिथल्या उद्यानांना हे सगळं गणित लागू नाही. तिथे मास्क आणि स्नॉर्केल लावून पाण्यात उतरणं हाच मार्ग.

परतीची वेळ आधी, जाण्याची नंतर

अशा किनाऱ्यांवर लोक अडकतात ते लाटेमुळे जितके, तितकेच परतीची वाट बुडाल्यामुळे. समुद्रात घुसलेल्या दोन टोकांच्या मधल्या खाचेत माणूस रमलेला असतो आणि टोकाला वळसा घालून आलेली वाट मागे पाण्याखाली गेलेली असते. वर कडा, पुढे समुद्र. हे टाळायला एकच हिशोब लागतो आणि तो कागदावर करता येतो.

भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटी ते भरती हा सुमारे सहा तासांचा काळ सहा भागांत वाटला, तर पाणी एकूण फरकाच्या बाराव्या हिश्श्याच्या हिशोबाने १, २, ३, ३, २, १ असं चढतं. समजा ओहोटी सकाळी १० वाजता ०.४ मीटर आणि भरती दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी ३.४ मीटर. फरक ३ मीटर, बारावा हिस्सा २५ सेंटिमीटर, एक भाग ६२ मिनिटांचा. मग ११:०२ ला पाणी ०.६५ मीटरवर, १२:०४ ला १.१५ वर, १:०६ ला १.९० वर. तुमच्या वाटेतली सर्वांत सखल जागा १.२ मीटर उंचीवर असेल, तर शांत पाण्यातसुद्धा ती बाराच्या ठोक्यानंतर लगेच बुडणार. त्यात अर्ध्या मीटरच्या लाटा धरल्या, तर अकरा वाजल्यानंतर ती ओलांडणं धोक्याचं. म्हणजे दहाला ओहोटी असली तरी माघारी फिरायचं दहालाच. पहिल्या तासात पाणी हलल्यासारखंही वाटत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात ते डोळ्यांदेखत चढतं. माणसाचा अंदाज नेमका त्या पहिल्या तासाने चुकतो.

ती सखल जागा किती उंचीवर आहे हे कसं कळावं? जाताना पाणी उतरत असतं. वाटेतल्या सखल जागेवरून पाणी नुकतंच सरलं की घड्याळ बघा. ओहोटीच्या जितका वेळ आधी ती उघडी पडली, साधारण तितकाच वेळ नंतर ती बुडेल. कोष्टक, उंची, काही नसलं तरी हे चालतं.

निघायचं ओहोटीच्या दीड-दोन तास आधी. उतरत्या पाण्याच्या मागोमाग खाली जायचं, सर्वांत खालचा पट्टा ओहोटीच्या ऐन वेळी बघायचा आणि वळायचं. वरचा पट्टा परतताना बघायला पुष्कळ वेळ मिळतो.

लाट वाचणं

ओहोटी उत्तम असूनही खाली जाऊ नये असे दिवस असतात. अंदाजात लाटेची उंची आणि लाटेचा कालावधी असे दोन आकडे दिलेले असतात. लोक पहिला बघतात, दुसरा सोडून देतात. वाहून येणारी शक्ती उंचीच्या वर्गाच्या आणि कालावधीच्या प्रमाणात असते. २ मीटर उंचीची, ८ सेकंदांची लाट आणि तितक्याच उंचीची, १६ सेकंदांची लाट यांत दुसरीची शक्ती दुप्पट. दूरच्या वादळातून आलेली ही लांब कालावधीची लाट खोल पाण्यात मवाळ दिसते आणि खडकाशी येऊन एकदम उभी राहते. शिवाय दोन लाटांमध्ये अंतर मोठं असल्यामुळे मधल्या शांततेत माणूस पुढे सरकतो.

अंदाजातली उंचीसुद्धा कमाल उंची नसते. सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी. हजार लाटांत एखादी तरी त्या आकड्याच्या पावणेदोन-दोन पट उंच येते असं गणित सांगतं. १० सेकंदांच्या लाटा असतील तर हजार लाटा पावणेतीन तासांत येतात. म्हणजे तुमच्या एका फेरीत एक लाट अंदाजाच्या जवळपास दुप्पट येणार, असं धरूनच चालावं.

उतरण्यापूर्वी वर सुरक्षित जागी १५ ते २० मिनिटं उभं राहून नुसतं बघावं. मोठ्या लाटा टोळीने येतात आणि टोळ्यांमध्ये काही मिनिटांची उसंत असते; दोन मिनिटं बघून उतरणाऱ्याला ती उसंतच समुद्राचा स्वभाव वाटते. सर्वांत वरची लाट कुठवर पोहोचली ती खूण डोक्यात ठेवावी. उन्हातही ओला राहिलेला खडक म्हणजे लाटेची हद्द. खाली असताना समुद्राकडे पाठ करू नये, दोघांपैकी एकाची नजर कायम पाण्यावर हवी, आणि अरुंद घळीच्या तोंडाशी तर उभंच राहू नये. रुंद लाट चिंचोळ्या जागेत शिरली की दुप्पट उंच उसळते.

कोणी पाण्यात पडलंच, तर त्याने पडल्या जागीच खडक पकडून वर येण्याची धडपड करू नये. पुढची लाट त्याला त्याच खडकावर आपटते. खडकापासून दूर, आत जायचं, पाठीवर तरंगायचं, श्वास ताब्यात आणायचा. थंड पाण्यात पहिलं एक मिनिट श्वासाला लागलेली धाप आवरण्याचं, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय नीट चालण्याची; तेवढ्यात उताराची जागा हेरायची किंवा तरंगत मदतीची वाट बघायची. काठावरच्याने मागोमाग उडी मारू नये. एकाच्या जागी दोन बुडण्याचे प्रसंग असेच घडतात. दोर, रिकामा बंद डबा, हवा भरून बांधलेली पिशवी, जे तरंगेल ते फेकावं, मदतीला फोन करावा आणि बुडणाऱ्यावरून नजर हलवू नये.

पाय कुठे ठेवायचा

सागरी उद्यानात भेट देणाऱ्याच्या हातून होणारं सर्वांत मोठं नुकसान त्याच्या पायांनी होतं. शंख खिशात घालणाऱ्याला रक्षक अडवू शकतो. तीन तासांत टाकलेली चार-पाच हजार पावलं कोणी मोजत नाही.

खडकावर पांढरट, खरखरीत, छोट्या ज्वालामुखींसारखं कवच दिसतं ते बार्नॅकल. जिवंत असतात, कोळंबी-खेकड्यांच्या कुळातले. त्यांच्यावर बुटाची पकड उत्तम बसते आणि हीच अडचण आहे: माणूस घसरू नये म्हणून नेमका त्यांच्यावर चालतो. शेवाळाचे जाड थर पावलाखाली फाटतात, आणि त्यांच्या सावलीत ओल धरून बसलेले छोटे जीव ऊन लागून मरतात. शिंपल्यांच्या दाट गादीला एकदा भगदाड पडलं की लाटा कडेचे शिंपले उपटत ते मोठं करत नेतात आणि ते भरून यायला वर्षं जातात. म्हणून क्रम असा: आधी वाळू, मग उघडा कोरडा खडक, मग लाटांनी घोटलेले गोटे, बार्नॅकलवर नाइलाज असेल तेव्हाच आणि शिंपल्यांवर, शेवाळावर पाय नाही. घोळका असेल तर पसरून न चालता एकामागे एक, त्याच वाटेने.

ओहोटीला मिटलेलं समुद्रफूल ओळखायला शिकणं फार गरजेचं आहे. काही जाती अंगाला शंखांचे तुकडे आणि वाळूचे कण चिकटवून घेतात. मिटली की खडकावर ओली खडी पसरल्यासारखी दिसतात, आणि माणूस ‘इथे बरं आहे’ म्हणून नेमका तिथे पाय ठेवतो. खडी पावलाखाली दबली आणि पाण्याची चिळकांडी उडाली, तर ती खडी नव्हती. या जिवांचं आयुष्य किती लांब असू शकतं याचा एक पुरावा आहे: स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून १८२८ मध्ये आणलेलं एक समुद्रफूल एडिंबरामध्ये काचेच्या भांड्यात १८८७ पर्यंत जगलं. एका चुकलेल्या पावलाखाली काय जाऊ शकतं ते यावरून कळावं.

बूट घोटा झाकणारे, कडक तळव्याचे, खोल खाचांच्या रबराचे. चपला आणि सँडल नकोत. बार्नॅकलने पाय कापतो आणि खाचेत अडकलेला घोटा मुरगळतो. हिरवं पातळ शेवाळ आणि वरच्या पट्ट्यातला ओला काळा थर हे दोन सर्वांत निसरडे. तिथे उभ्याने तोल सावरत बसण्यापेक्षा सरळ खाली बसून सरकावं. बार्नॅकलने कापलं तर जखम गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवावी. कोमट समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात आणि यकृताचा आजार असलेल्यांना त्यांचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. जखम काही तासांत लाल होऊन दुखरी सुजली तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नये.

बाकी सामान थोडं: पाणी, टोपी, लांब बाह्यांचा शर्ट, शिट्टी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन, मलमपट्टी. लांब बाह्या सनस्क्रीनच्या जागी. हवाईने १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री बंद केली, ती प्रवाळांसाठी. खडकातल्या डबक्यात पाणी बादली-दोन बादल्याच असतं, त्यात मलम लावलेला हात बुडवायचा नाही, मलम कोणतंही असो.

खडकावरचे मजले

वरून खाली उतरताना खडकाचा रंग पट्ट्यापट्ट्यांनी बदलतो. सर्वांत वर तुषार पोहोचतात तिथे डांबर सांडल्यासारखा काळा थर. तो डाग नसून दगडफूल किंवा नीलहरित जिवाणू असतात. त्याखाली दाण्याएवढे शंख, मग बार्नॅकलचा पांढरा पट्टा, मग समशीतोष्ण किनाऱ्यांवर बहुधा शिंपल्यांचा काळानिळा पट्टा, आणि सर्वांत खाली जाड पट्ट्यांचं शैवाल, समुद्रफुलं, तारामासे. हे पट्टे इतके सरळ का, याचं उत्तर गेल्या शतकात प्रयोगांनी मिळालं. परिसंस्थाशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या ग्रेट कम्ब्रे बेटावर बार्नॅकलच्या दोन जाती तपासल्या आणि १९६१ मध्ये निष्कर्ष छापले. वरच्या पट्ट्यातली लहान जात खालीही जगू शकते, पण तिथे मोठी जात तिला रेटून, चिरडून बाहेर काढते. मोठ्या जातीला वर ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही. वरची हद्द बहुतेक वेळा ऊन ठरवतं, खालची शेजारी किंवा भक्षक.

दुसरा प्रयोग परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांचा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मकाह बे इथला. सुमारे ८ मीटर लांब आणि २ मीटर उंच अशा पट्टीतून ते एका जातीचा तारामासा काढून टाकत राहिले. हा तारामासा शिंपले खातो. तो गेल्यावर शिंपले पसरत गेले आणि त्या पट्टीतल्या १५ जातींच्या ८ उरल्या. हे १९६६ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि ज्याच्या असण्यावर साऱ्यांचं असणं टिकून असतं अशा जातीला ‘कीस्टोन’ म्हणायला पेन यांनीच १९६९ मध्ये सुरुवात केली. उद्यानात एका तारामाशाला उचलून फोटोसाठी हातोहात फिरवू नका असं सांगतात, त्यामागे हा हिशोब आहे. तारामासा खडकाला शेकडो नळीसारख्या पायांनी चिकटलेला असतो. ओढून काढला की ते पाय तुटून खडकावरच राहतात. २०१३ पासून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामासे विरघळून मरण्याची साथ आली. सूर्यफूल तारामासा नावाच्या जातीतले दहांतले नऊ गेले. त्या साथीमागचा जिवाणू, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा, संशोधकांनी २०२५ मध्ये ओळखला. तिथल्या खडकांवर आज जो तारामासा दिसतो, तो त्या साथीतून उरलेला किंवा त्यानंतर वाढलेला आहे.

टोपीच्या आकाराच्या कवचाची सागरी गोगलगाय, लिम्पेट, हा जीव पण असाच सोडून द्यावा. पाणी वर असताना तो शेवाळ खरवडत हिंडतो आणि ओहोटीपूर्वी पुष्कळदा आपल्याच जागी परततो. तिथे त्याच्या कवचाच्या कडेला तंतोतंत बसणारी खाच खडकात झिजून तयार झालेली असते. त्याच्यातलं पाणी टिकतं ते या घट्ट बसण्यामुळे. बुटाच्या टोकाने ढकलून बघितला की ती घट्ट बैठक मोडते. त्याच्या दातांत गोथाइट या लोहखनिजाचे तंतू असतात, आणि ते दात कोळ्याच्या जाळ्यापेक्षा मजबूत असल्याचं २०१५ मध्ये मोजून दाखवलं गेलं.

डबक्यापाशी

दहा डबकी बघण्यापेक्षा एकाच डबक्याशी वीस मिनिटं बसावं. आपण वाकताच सावली पडते, मासे कपारीत जातात, खेकडे थिजतात. सूर्य समोर किंवा बाजूला राहील असं बसायचं, हलायचं नाही. चार-पाच मिनिटांत ‘रिकामं’ डबकं भरायला लागतं: आधी शंखातले खेकडे चालू लागतात, मग कोळंब्या, मग तळाच्या रंगाचा मासा जागेवरून सरकतो आणि तो मासा होता हे तेव्हा कळतं. पाण्यावरची चकाकी घालवायला पोलराइझ्ड चष्मा लागतो. सरळ वरून न बघता तिरकं, उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांतून बघितलं, तर तो सर्वांत चांगला काम करतो. कॅमेऱ्यालाही तसाच फिल्टर. फ्लॅश नको.

वरची डबकी आणि खालची डबकी वेगळी. वरच्या डबक्याला समुद्र उधाणालाच भेटतो. मधल्या दिवसांत ते उन्हाने तापतं, खारट होत जातं, पावसाने गोडं होतं, रात्री त्यातला प्राणवायू घटतो. तिथे मोजक्याच चिवट जाती तग धरतात. विविधता हवी तर खालची, सावलीतली, कपारी असलेली डबकी निवडावी.

दगड उलटण्याबद्दल मत स्पष्ट आहे: उद्यानात उलटू नये. पुष्कळ उद्यानांत ते नियमानेच बंद आहे. दगडाच्या वरच्या अंगाला उजेड लागणारं शेवाळ, खालच्या अंगाला अंधारात राहणारे स्पंज, अंडी, ठिसूळतारे (तारामाशांचे बारीक हातांचे भाऊबंद). दगड उलटा राहिला तर दोन्ही अंगं मरतात. जिथे परवानगी असेल तिथेही आपल्या डोक्यापेक्षा मोठा दगड नको, हळूच उचलायचा, होता तसाच त्याच खाचेत ठेवायचा, आणि खालचा जीव आधी बाजूला झाला ना ते बघायचं.

हात घालण्यापूर्वी आपण कुठल्या समुद्राशी आहोत तेही आठवावं. हिंद आणि पश्चिम प्रशांत महासागराच्या उष्ण किनाऱ्यांवर सुंदर नक्षीचा शंकूसारखा शंख जिवंत असेल तर त्याचा दंश जीवघेणा ठरू शकतो. निळ्या वलयांचा ऑक्टोपस मुठीत मावेल एवढा असतो. त्याचा चावा पुष्कळदा कळतही नाही आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. त्यावर उतारा नाही, मदत येईपर्यंत कृत्रिम श्वास देत राहणं एवढंच हाती असतं. स्टोनफिशचा काटा पायात गेला तर सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाय ३० ते ९० मिनिटं ठेवायचा आणि इस्पितळ गाठायचं.

‘संरक्षित’ म्हणजे नेमकं काय

हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ उद्यानात नकाशावर रंग आहेत: हिरव्या पट्ट्यात जाता येतं, पण मासेमारी आणि काहीही काढणं बंद, गुलाबी पट्ट्यात परवानगीशिवाय शिरताच येत नाही. २००४ मध्ये हिरव्या पट्ट्यांचा वाटा उद्यानाच्या साधारण एक-तृतीयांशावर नेला गेला. कॅलिफोर्नियाच्या पॉइंट लोबोसला किनारा पायवाटांवरून मोकळा, पण डायव्हिंग ठरलेल्या दोन खाड्यांतच. दक्षिण आफ्रिकेचं त्सित्सिकामा हे सागरी उद्यान १९६४ मध्ये घोषित झालं, आफ्रिकेतलं सर्वांत जुनं. तिथे लांब पल्ल्याची पायवाट नदीच्या मुखातून जाते आणि ते मुख ओहोटी साधूनच ओलांडावं लागतं. म्हणून ‘मागच्या उद्यानात चालत होतं’ हे कारण कुठेच चालत नाही. फाटकावरचा नकाशा, हद्दीच्या खुणा आणि त्या दिवशीची बंद ठिकाणं हे तीन बघूनच उतरावं.

रिकामा शंखसुद्धा उचलू नये, कारण शंखातल्या खेकड्याला मोठं घर तोच पुरवतो. सील किनाऱ्यावर पडलेले दिसले तर अमेरिकेतली सूचना किमान ५० यार्डांची, म्हणजे सुमारे ४५ मीटरची, न्यूझीलंडमधली २० मीटरची. आकड्यापेक्षा प्राणी बघा: त्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. एकटं पिल्लू बहुतेक वेळा सोडून दिलेलं नसतं, आई मासे मारायला गेलेली असते. त्याला पाण्यात ढकलणं, ओल्या कापडात गुंडाळणं हे उपकार करू नयेत. रक्षकाला जागा कळवावी. भरतीच्या रेषेच्या जरा वर गोट्यांमध्ये काही पक्षी अंडी घालतात आणि ती गोट्यांसारखीच दिसतात. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असेल तर आल्या पावली मागे वळावं.

या बंधनांनी काय साधतं ते न्यूझीलंडच्या ली गावाजवळ दिसतं. तिथलं केप रॉडनी-ओकाकारी पॉइंट हे राखीव क्षेत्र १९७५ मध्ये झालं. जीवशास्त्रज्ञ बिल बॅलंटाइन यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला होता. मासेमारीने स्नॅपर मासे आणि शेवंडं घटली होती, त्यामुळे त्यांचं भक्ष्य असलेले अर्चिन (काटेरी गोळ्यांसारखे प्राणी) वाढले आणि त्यांनी केल्प, म्हणजे मोठं सागरी शैवाल, खाऊन खडक बोडका केला होता. मासेमारी थांबली, स्नॅपर-शेवंडं परतली, अर्चिन आवरले गेले आणि केल्पचं रान पुन्हा उभं राहिलं. याला वर्षं नव्हे, दशकं लागली. तिथे पाण्यात उतरायला सगळ्यांना मुभा आहे, काही घेऊन जायला कोणालाच नाही, आणि हा साधा नियम आम्हाला गुंतागुंतीच्या नियमांपेक्षा उजवा वाटतो. कुठल्या माशाला किती इंच, कुठल्या महिन्यात, हे पाहुण्याला लक्षात ठेवावंच लागत नाही.

घेऊन यायचेच असतील तर फोटो आणावेत. जीव, त्याच्या आजूबाजूचा खडक आणि तो कुठल्या पट्ट्यात होता हे कळेल असे दोन-तीन फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाण आणि वेळेसह टाकले, तर जात ओळखून मिळते आणि ती नोंद संशोधकांच्या उपयोगी पडते. जातीचं नाव माहीत नसलं तरी चालतं, तारीख आणि जागा मात्र बरोबर हवी.

परतल्यावर बूट गोड्या पाण्याने घासावेत, खाचांतली वाळू आणि शेवाळाचे तुकडे काढावेत आणि पुढच्या किनाऱ्यावर नेण्यापूर्वी पूर्ण वाळवावेत. फेल्टचे, म्हणजे नमद्याचे, तळवे असतील तर ते वाळायला फार वेळ लागतो आणि त्यात जीव टिकून दुसऱ्या पाण्यात जातात, म्हणून काही ठिकाणी त्यांना बंदीच आहे. रबराचे घेतलेले बरे.